इम्पालाचा कन्व्हर्टर आणि काळ्या रंगाखालची रेघ

जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलून बसला असाल आणि फोनवरून कोणी "कन्व्हर्टर पाठवून द्या, रिकंडिशन करून देतो" म्हणत असेल, तर पैसे टाकायच्या आधी हे वाचा. आमचे 84 हजार गेलेत. घेणारा माणूस अजून तोच धंदा करतोय, म्हणून लिहितोय.

गाडी काकांची. 1965 ची शेव्हरोले इम्पाला, 283 घनइंची व्ही-8 इंजिन. त्या काळी वकिलातींच्या परदेशी गाड्या सरकारी एसटीसीमार्फत (स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन) विकल्या जायच्या. तशीच ही दिल्लीहून हैदराबादला गेली आणि तिथल्या एका ठेकेदाराकडून जालन्याला काकांकडे आली. आमच्या गल्लीतल्या जुन्या लग्नांचे अल्बम उघडा, वरातीत हीच दिसेल. भाडं कधी घेतलं नाही, पेट्रोल तेवढं नवरदेवाकडचं.

हिच्यातला गिअरबॉक्स 'पॉवरग्लाइड'. शेव्हरोलेनं तो 1950 ला आणला आणि 1973 पर्यंत चालवला. आधी बिडाचा यायचा, 1962 पासून ॲल्युमिनियमचा यायला लागला. पुढं जायला दोनच गिअर, लो आणि हाय. एक बँड (ड्रमला आवळणारा पट्टा), क्लच प्लेटांचे दोन पॅक, एक प्लॅनेटरी सेट (एकमेकांभोवती फिरणाऱ्या गिअरांचा संच), बाकी सगळा ऑइलच्या दाबाचा खेळ. आजच्या ऑटोमॅटिकपुढं हा फारच साधा. माझ्या मावसभावाचं औद्योगिक वसाहतीत लेथचं वर्कशॉप आहे, म्हणून गिअरबॉक्स आम्ही घरीच करायला घेतला.

दुखणं खरं होतं. वरातीच्या चालीला गाडी ठीक चालायची, पण संभाजीनगर रोडला लागून हाय पडला की इंजिन नुसतं गुरगुरायचं, गाडी वेग घ्यायची नाही. चेंबर सोडला तर ऑइल काळं, जळका वास. पॅक खोलल्यावर हाय क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर उडालेलं आणि मधल्या स्टीलच्या प्लेटांवर तापल्याचे निळे डाग. म्हणजे क्लच प्लेटा, सील-पॅकिंगचं किट आणि टॉर्क कन्व्हर्टरची साफसफाई एवढं तर लागणारच होतं.

कन्व्हर्टरबद्दल दोन शब्द सांगतो, कारण फसवायला सगळ्यात सोपी वस्तू तीच. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा हा लोखंडी डबा, कडेनं वेल्डिंग करून कायमचा बंद केलेला. आत पात्यांची तीन चाकं: पंप, टर्बाइन आणि मधला स्टेटर. क्लच जळला की त्याची राख आणि धातूचा चुरा ऑइलबरोबर या डब्यात जाऊन बसतो. बाहेरून कितीही धुवा, तो निघत नाही. तसाच बसवला तर नव्या क्लचचं पहिलं ऑइलच त्या चुऱ्यातून फिरून येतं. नीट काम म्हणजे लेथवर वेल्ड कापायचा, दोन्ही भाग वेगळे करायचे, धुवायचे, झिजलेले वॉशर-बेअरिंग-सील बदलायचे, पुन्हा वेल्ड करायचा, हवा भरून गळती बघायची आणि बॅलन्सिंग करायचं. यातलं काहीही न करता फक्त रंग मारला, तरी वरून दोन्ही डबे सारखेच दिसतात. त्या फोनवाल्याचा सगळा धंदा एवढ्यावरच चालतो.

हा माणूस एका मोठ्या शहरातला. जुन्या गाड्यांच्या मंडळींत त्याचं नाव ऐकलेलं होतं. फोनवर "दादा" शिवाय बोलायचा नाही. कन्व्हर्टर रिकंडिशनचे 28 हजार, अमेरिकेहून येणाऱ्या 'ओरिजिनल' किटचे 42 हजार, दोन्ही आगाऊ. व्हिडिओ कॉलवर स्वच्छ वर्कशॉप, भिंतीला टांगलेले गिअर, मागे काम करणारी पोरं. ते वर्कशॉप कोणाचं होतं देव जाणे. बिल मागितलं तर व्हॉट्सॲपवर 'एस्टिमेट' लिहिलेला एक कागद आला, त्यावर जीएसटी नंबर नव्हता. पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यावर मागितले. का, तर म्हणे "पार्टनरचं खातं". मग एक दिवस "किट कस्टमला अडकलंय, 14 हजार ड्युटी भरली तर सुटेल", आणि तेही यूपीआयवर. कस्टम ड्युटी कुठल्या भाऊसाहेबांच्या यूपीआयवर जात नसते. माल खरंच बाहेरून येत असेल तर कुरिअर कंपनी मागवणाऱ्याच्या नावानं कागद करते, ओळखपत्र मागते आणि भरलेल्या ड्युटीची पावती देते.

आता त्या रेघेबद्दल. कन्व्हर्टर पाठवायच्या आधी मावसभावानं वेल्डच्या मधोमध, दोन्ही भागांवरून जाईल अशी एक आडवी रेघ छिन्नीनं मारून ठेवली होती. संशय म्हणून नाही. लेथवाल्यांची ती सवयच असते. डबा कापला की जोडताना दोन्ही भाग पहिल्यासारखेच बसावेत, एवढ्यासाठी. कापणाऱ्याचं काम सोपं व्हावं म्हणून मारलेली खूण होती ती.

ट्रॅव्हल्सनं पार्सल आलं. पोत्यात कन्व्हर्टर, काळाभोर, आरशासारखा चकचकीत. हलवला तर आत ऑइल डुचमळत होतं. मावसभावानं तो बाकावर ठेवून कडेनं बोट फिरवलं आणि थांबला. ब्लेडनं रंग खरवडायला लागला. रंगाखाली गंज, गंजाखाली जुना वेल्ड आणि वेल्डवरून इकडून तिकडे अख्खी गेलेली आमची रेघ. डबा कापला असता तर वेल्डवरची रेघ लेथच्या टूलखालीच उडाली असती आणि नव्या वेल्डखाली तिचा पत्ताही लागला नसता.

"दादा, ह्यानं कापलंच नाही ओ. नुसता रंग मारून पाठवलंय."

मग आम्हीच लेथला लावला. मोबाईल स्टँडवर ठेवून, पार्सलच्या पावतीपासून टूल वेल्डला लागेपर्यंत सगळं एका सलग व्हिडिओत घेतलं. दोन भाग वेगळे झाले तेव्हा खाली ट्रेमध्ये काजळासारखा गाळ पडला. त्यात बोट घालून उन्हात धरलं तर बारीक चुरा चमकत होता. तो डबा तसाच बसला असता तर नवा क्लच पुन्हा जळाला असता, आणि तेव्हा हाच माणूस म्हणाला असता, "तुम्ही घरी केलं ना दादा, बसवायला चुकलं असेल." घरी काम करणारा गिऱ्हाईक त्याला त्यासाठीच आवडतो.

किटही आलं. डबा अमेरिकी पत्त्याचा, स्टिकर-बारकोड सगळं व्यवस्थित. पण क्लच प्लेटांच्या पुडीला पेट्रोलचा वास. नव्या प्लेटा कोरड्या येतात, बसवायच्या आधी आपण त्या ऑटोमॅटिकच्याच ऑइलमध्ये (एटीएफ) भिजत घालतो. त्यांना पेट्रोलचा वास यायचं कारणच नाही. व्हर्निअर लावला तर एक प्लेट 1.9 मिलिमीटर, दुसरी 1.6. अस्तरावरच्या खाचांची नक्षी दोन तऱ्हेची, म्हणजे दोन वेगळ्या गाड्यांमधून काढलेल्या. स्टीलच्या प्लेटा पॉलिश पेपरनं घासलेल्या, पण दातांच्या बुडाशी निळा डाग राहिलेलाच. तिथं कागद पोचत नाही.

याच माणसाचा आणखी एक प्रताप नंतर कळला. परभणीकडच्या एकाची अशीच जुनी अमेरिकन गाडी. सायलेन्सरमधून पांढरा धूर, गिअर ऑइल कमी होतंय, पण खाली टिपूस नाही. याने फोनवरच निदान केलं: "बॉक्स गेला, पूर्ण खोलावा लागेल." खरं दुखणं व्हॅक्युम मॉड्युलेटरचं निघालं. गिअरबॉक्सच्या बाजूला बसणारी ती छोटी डबी. तिच्यातला पडदा फाटला की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. डबीला जोडलेली रबरी नळी काढून बघायची. नळीत लाल ऑइल दिसलं तर डबी बदला, बॉक्सला हात लावू नका. ही डबी बाहेरून बदलता येते आणि अख्ख्या कामाच्या मानानं किंमत किरकोळ. त्या गृहस्थांनी बॉक्स उतरवायच्या आधी गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवला म्हणून वाचले.

आम्ही फोन लावला तर आधी "पोरांकडून गडबड झाली, बदलून देतो", मग "उद्या बोलतो", मग नंबर ब्लॉक. 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण खात्यातून पैसे पुढं सरकलेले होते. या नंबरवर पैसे गेल्या गेल्या, तासाभराच्या आत फोन केला तर रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त असते. पोलीस ठाण्यात पहिल्यांदा "देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणीत जा" ऐकून घ्यावं लागलं. त्यावर लेखी तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 चा उल्लेख केला, व्हिडिओचा पेनड्राइव्ह जोडला आणि पोच घेतली. पोच घेतल्यावर बोलण्याचा सूर बदलतो.

ग्राहक आयोगाची वाट त्यापेक्षा बरी वाटली. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील लावायची सक्ती नाही, पण आम्ही लावला, कारण समोरच्याचं नाव एक, खातं दुसऱ्याचं आणि वर्कशॉपचा पत्ता तिसराच. प्रकरण चालू आहे.

कन्व्हर्टर मावसभावानेच धुऊन, वॉशर बदलून वेल्ड केला. पाण्यात बुडवून हवेनं तपासला आणि बॅलन्सिंग वाळूजच्या एका वर्कशॉपात करून घेतलं. किट अमेरिकेतल्या दुकानातून थेट मागवलं, कार्डवर पैसे भरून, ड्युटीच्या पावतीसकट. वेळ लागला, पण एकूण खर्च त्या 'ओरिजिनल'पेक्षा कमीच आला.

ते किट उघडताना एक गोष्ट लक्षात आली, ती पॉवरग्लाइडवाल्यांनी टिपून ठेवा. 1966 पर्यंतच्या या बॉक्सला मागच्या बाजूलाही ऑइलचा एक छोटा पंप असतो. त्याच्यामुळंच या गाड्या ऑटोमॅटिक असूनही वेगात ढकलून सुरू होतात. 1967 पासून तो काढून टाकला. म्हणजे जुन्या सालाच्या किटमध्ये मागच्या पंपाचं पॅकिंग असायलाच पाहिजे. त्या भामट्याच्या डब्यात ते नव्हतं, आणि त्यानं आम्हाला गाडीचं साल विचारलंच नव्हतं. ऑर्डरच्या आधी एकच प्रश्न टाका: "माझ्या बॉक्सला मागचा पंप आहे, त्याचं पॅकिंग किटमध्ये येतं का?" माहीतगार माणूस लगेच साल विचारेल. आमच्यावाल्यानं याच प्रश्नावर, मावसभावानं नंतर दुसऱ्या नंबरवरून विचारल्यावर, उत्तर दिलं होतं, "ऑटोमॅटिकला एकच पंप असतो दादा, टेन्शन घेऊ नका." तो कॉलही रेकॉर्ड आहे आणि आयोगाकडे दिलाय. याच माणसाविरुद्ध आणखी कोणाची तक्रार असेल तर त्या रेकॉर्डिंगची प्रत आम्ही द्यायला तयार आहोत.