ब्लिस्टर फॉइलसाठी कोरोना की प्रायमर?

गोळ्यांच्या ब्लिस्टरसाठी हार्ड (कडक) अॅल्युमिनियम फॉइलवर हीट-सील लॅकर, म्हणजे उष्णतेने चिकटणारा लेप, चढवताना पकड वाढवायची, तर लाइनवर कोरोना युनिट (उच्च दाबाच्या विद्युत विसर्गाने फॉइलचा पृष्ठभाग पकड घेण्याजोगा करणारे यंत्र) बसवावे की लॅकरआधी प्रायमरचा, म्हणजे पकड देणाऱ्या अस्तराचा, एक पातळ हात द्यावा, हा निर्णय मला जळगावच्या एमआयडीसीत स्वतःला घ्यावा लागला. दोन्ही मार्गांनी मी काम केले असून पुढील मत त्या अनुभवातून आलेले आहे.

मूळ अडचण रोलिंग ऑइलची. मऊ फॉइल भट्टीत तापवले जाते तेव्हा ते तेल बरेचसे उडून जाते. झाकणाचे 20 ते 25 मायक्रॉनचे फॉइल मात्र अंगठ्याने गोळी दाबताच फाटावे म्हणून कडकच ठेवावे लागते, त्याला तितके तापवता येत नाही, आणि म्हणून तेलाचा अंश उरतो. रोल आला की बाहेरचे दोन-तीन फेरे काढून, फॉइल तिरके धरून मी त्यावर डिस्टिल्ड वॉटर सोडतो. पाणी सलग पसरले तर ठीक. थेंब आकसून वेगळे झाले तर तेल आहे. फारच तेलकट रोल परत पाठवावा, कारण त्याला यांपैकी कोणताच उपाय पुरत नाही.

कोरोनाचे आकर्षण समजण्यासारखे आहे: सॉल्व्हंट नाही, वाळवणे नाही, वरचा थर नाही. धातूसाठी सिरॅमिक इलेक्ट्रोड घ्यावे लागतात आणि ओझोन बाहेर काढण्याची सोय करावी लागते, इतकेच. परिणाम दिवसागणिक उतरत असल्याने लॅकरच्या अगदी आधी, त्याच लाइनवर ट्रीटमेंट झालेली बरी.

माझे मन वळले ते एकाच त्रासामुळे. आमच्याकडे विजेचा झटका आला की कोरोनाचा जनरेटर ट्रिप व्हायचा आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत काही मीटर फॉइल ट्रीटमेंटविना पुढे निघून जायचे. ट्रीट झालेले आणि न झालेले फॉइल डोळ्यांना सारखेच दिसते. ते मीटर लॅकर घेऊन रोलमध्ये गुंडाळले गेले, आणि काही आठवड्यांनी ग्राहकाकडून ब्लिस्टर परत आले, त्यांत सील पक्के होते, पण झाकण सोलताच लॅकर ब्लिस्टरच्या पीव्हीसी प्लास्टिकवर राहून फॉइल कोरे निघत होते. त्या रोलचा दोषी भाग शोधण्यात आम्ही दोन दिवस घालवले.

प्रायमरला किंचित सोनेरी छटा देता येते, त्यामुळे जिथे तो चुकला तिथे पांढरा पट्टा ऑपरेटरला मशीनवरच दिसतो. त्याचेही कष्ट आहेत. जळगावच्या मे महिन्यात थिनर ट्रेमधून इतक्या झपाट्याने उडते की फोर्ड कपने (तळाला भोक असलेल्या मोजपात्राने) चिकटपणा वारंवार मोजावा लागतो, आणि पावसाळ्यात वाळवणी अपुरी राहिली तर सॉल्व्हंट अडकून रोलचे थर एकमेकांना चिकटतात. ओव्हनचा एक टप्पा वाढतो, खर्चही वाढतो.

ज्यांची वीज स्थिर आहे आणि जे मोठ्या, अखंड रनवर काम करतात, त्यांना कोरोना कदाचित परवडेल. मी त्यांना विरोध करणार नाही. मात्र खान्देशातील आमच्यासारख्या, दिवसात दोन-तीनदा थांबणाऱ्या लाइनसाठी, आपण विचारलेच तर, मी प्रायमरच सुचवेन, आणि फॉइलच्या प्रत्येक जॉइंटनंतरच्या नमुन्यावर सेलोटेप दाबून, झटक्यात ओढून लॅकर निघते का ते पाहण्याची सवय त्याच्यासोबत ठेवेन.