बिग शोल्डर्स स्टेन्सिल: फॉन्ट कडक, पण मराठी पाटीला काय करायचं?

भोसरीत मित्राचं बाईक मॉडिफिकेशनचं गॅरेज आहे, त्याला बोर्ड हवा होता आणि साहेबांची अट अशी की फ्लेक्स नको, रंगवलेला नको, पत्र्यातून आरपार कापलेली अक्षरं आणि मागून लाईट. आता साध्या बोल्ड फॉन्टमध्ये इंग्लिश 'ओ' कापला की मधला तुकडा टणकन खाली पडतो आणि राहतं नुसतं भोक. म्हणून स्टेन्सिल, म्हणजे मधल्या तुकड्याला धरून ठेवणारे ब्रिज.

चार-पाच फॉन्ट बघितले, बहुतेक सगळे मिलिटरीच्या पेटीवरचे वाटतात. बिग शोल्डर्स तसा नाही. पॅट्रिक किंगने शिकागो शहरासाठी केलेली ही फॅमिली, रेल्वे आणि कारखान्यांच्या गावची, आणि ते दिसतं पण. उंच, अरुंद, खांद्याला खांदा लावून उभी अक्षरं. आठ फुटी पत्र्यावर 'कस्टम मोटरसायकल्स' एवढं लांब इंग्लिश नाव एका ओळीत बसलं, तेही ७ इंच उंचीत! थिनपासून ब्लॅकपर्यंत ९ वजनं (म्हणजे अक्षराच्या जाड्या), गूगल फॉन्ट्सवर फुकट आणि लायसन्स ओपन, म्हणजे क्लायंटच्या कामाला बिनधास्त वापरा. फक्त जुन्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरला व्हेरिएबल फाईल (सगळी वजनं एकाच फाईलमध्ये) कळत नाही, झिपमधलं स्टॅटिक फोल्डर उघडा, त्यात प्रत्येक वजनाची वेगळी फाईल असते, आणि कटिंगला द्यायच्या आधी अक्षरं कर्व्ह करा, म्हणजे नुसत्या आकारात बदला.

माती खाल्ली ती मीच. त्याच फॉन्टात चाव्यांसाठी छोटे टॅग कापून घेतले, अक्षर जेमतेम १२ मिमी. अक्षर लहान झालं की ब्रिज पण तेवढाच बारीक होणार हे डोक्यातच आलं नाही, लेझरच्या उष्णतेने अर्धे ब्रिज वाकले नाहीतर जळाले. बोर्डाला उत्तम, बारक्या कामाला नको.

पण खरी गोची वेगळीच. या फॉन्टात देवनागरी नाहीच. आणि महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी आधी लागते, अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, मग नुसत्या इंग्लिशवर भागणार कसं? शेवटी तेको नावाच्या देवनागरी फॉन्टचा बोल्ड घेतला, तो पण अरुंद आणि चौकोनी, आणि ब्रिज हाताने पाडले. 'व', 'म' यांच्या पोटात एकेक ब्रिज दिला की झालं, 'ब'च्या पोटात तिरकी रेघ असल्याने तिथे दोन. शिरोरेषेने मात्र रडवलं, ती सलग कापली तर एवढी लांब फट पडते की पत्रा लपलपायला लागतो, म्हणून दर अक्षरावर तोडली. कापणारे काका म्हणाले, आंब्याच्या पेटीवर छापायचा पत्रा आम्ही असाच तोडून तोडून कापायचो, तुम्ही आत्ता शिकलात होय!

इंग्लिशला पाचपैकी साडेचार. मराठीचे मार्क काकांना.