नॉर्स अटलांटिकने ऑस्लो ते न्यूयॉर्क: दोन उन्हाळ्यांनंतर

मेहुणी न्यू जर्सीत, आम्ही नॉर्वेत स्टाव्हांगरला. त्यामुळे १४ जून २०२२ ला नॉर्स अटलांटिक या नव्या विमान कंपनीचं पहिलं विमान ऑस्लोहून न्यूयॉर्कला गेलं, तेव्हा घरात लगेच तारखा बघणं सुरू झालं. त्या जुलैत एकदा आणि या उन्हाळ्यात पुन्हा, असं तिघांचं जाणं-येणं झालं. आता लिहायला हरकत नाही.

कंपनी नवी, विमानं मात्र नवी नाहीत. नॉर्वेजियन या जुन्या विमान कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ल्याची उड्डाणं कायमची बंद केली आणि तिची ड्रीमलायनर, म्हणजे बोइंगची मोठी विमानं, रिकामी उभी राहिली. कोविडमुळे मोठ्या विमानांना गिऱ्हाईक नव्हतं. त्या मंदीत नॉर्सने पंधरा ड्रीमलायनर भाड्याने घेतली. बियोर्न टोरे लार्सन हे संस्थापक, सोबत नॉर्वेजियनचेच जुने बियोर्न शोस आणि बियोर्न किसे. तीन बियोर्न! इथे आमच्या ऑफिसात यावर बरेच विनोद झाले.

पण विमान झकास. ३-३-३ अशी आसनं, प्रत्येकासमोर स्क्रीन. खिडकीला झडप नाही, खाली बटण आहे. दाबत गेलं की काच हळूहळू गडद निळी होते. जुलैत ऑस्लोहून पश्चिमेला जाताना ऊन काही पाठ सोडत नाही. आमच्या लेकीने ते बटण इतक्या वेळा दाबलं की शेवटी मागच्या आजोबांनी खाकरून दाखवलं. केबिनमधला हवेचा दाब जुन्या विमानांपेक्षा जास्त ठेवतात, म्हणून म्हणे कमी थकायला होतं. माझं डोकं तरी दुखलं नाही.

आता पैशांचं. सगळ्यात स्वस्त ‘लाइट’ तिकिटात आम्ही गेलो तेव्हा पुढच्या सीटखाली मावेल एवढी एकच पिशवी होती. जेवण नाही, चेक-इन बॅग नाही. पहिल्या वर्षी मी ती रक्कम बघून हुरळलो आणि तीन लाइट काढली. मग अमेरिकेला जाताना नेतातच त्या बॅगा, जेवण, शेजारी-शेजारी जागा, असं एकेक जोडत गेलो. बायको शेजारी बसून कागदावर बेरीज करत होती. म्हणाली, “वरचंच तिकीट घेतलं असतंस तर?” बरोबर होतं तिचं. वेबसाइटवर सगळं लिहिलेलं होतं, वाचलं नाही ते मी. या वर्षी दोन वरच्या दर्जाची आणि माझं एकट्याचं लाइट काढलं. माझे कपडे तिच्या बॅगेत.

डबा मात्र घरचाच. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी आणि दशम्या. ठेचा नेऊ नका, आठ तास वास फिरतो. रिकामी बाटली सुरक्षा तपासणीनंतर नळावर भरून घ्या, ऑस्लोच्या गार्डेरमोएन विमानतळावर पाणी उत्तम आहे. आणि ऑस्लो शहरातून विमानतळावर जाताना फ्लीटोगेट या विमानतळाच्या जलद गाडीऐवजी व्ही या रेल्वे कंपनीची साधी गाडी धरा. पाच-सात मिनिटं जास्त लागतात, तिकीट निम्म्याच्या आसपास. इतकी काटकसर करून तिथे पैसे का घालवायचे?

खरी धडकी भरली ती दुसऱ्याच विमानाने. स्टाव्हांगर ते ऑस्लो वेगळं तिकीट काढलं होतं, कंपनीचं नाव नको. ते तीन तास उशिरा सुटलं. दोन्ही तिकिटं स्वतंत्र, त्यामुळे पुढचं विमान चुकलं असतं तर जबाबदारी कोणाचीच नव्हती. मध्ये पाच तास ठेवले होते म्हणून वाचलो. सामान पट्ट्यावरून घेऊन परत चेक-इनच्या रांगेत लावेपर्यंत शर्ट घामाने ओला. या वर्षी आदल्या रात्रीच ऑस्लोत मित्राकडे मुक्काम टाकला. स्टाव्हांगर, बर्गन, ट्रॉनहाइमकडच्यांनी तो मुक्काम भाड्यातच धरावा.

विमान रद्द झालं तर काय, असं बरेच जण विचारतात. आमचं झालं नाही. पण कंपनी युरोपीय असल्याने युरोपचा भरपाईचा नियम जाताना-येताना दोन्हीकडे लागू आहे. एवढ्या अंतराला ६०० युरोपर्यंत, अर्थात चूक कंपनीच्या हातातली असेल तर. हवामानाला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात तारखा जमल्या तर आम्ही तिघं पुन्हा यानेच जाऊ. आई मात्र पुण्याहून थेट मेहुणीकडे यायचं म्हणतेय. तिला मी एकाच तिकिटावर आणणार, जास्त पैसे पडले तरी.