हॉट व्हील्स की मॅचबॉक्स?

छोट्या डायकास्ट (धातू साच्यात ओतून बनवलेल्या) खेळण्यातल्या गाड्या जमवायला लागलं की हा प्रश्न येतोच. मॅचबॉक्स आधीची. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेलच्या मुलीला शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता यायचं. त्यातूनच ही कल्पना सुचली आणि १९५३ मध्ये मॅचबॉक्स बाजारात आली. हॉट व्हील्स १९६८ ची: १६ गाड्या, झळाळता रंग, सुसाट पळणारी चाकं. १९९७ पासून दोन्ही मॅटेल या खेळणी कंपनीच्याच घरात.

पण स्वभाव वेगळे. हॉट व्हील्स म्हणजे ट्रॅक, लूप, भन्नाट कल्पनेतल्या गाड्या. शिवाय ‘ट्रेझर हंट’चा, म्हणजे नेहमीच्या गाड्यांत मिसळलेल्या दुर्मिळ गाड्यांचा नाद! पॅक उलटसुलट करून गाडीवर ज्वाळेची ती बारीकशी खूण शोधण्यात अर्धा तास कसा जातो कळत नाही. मॅचबॉक्स रस्त्यावरचं जग आणते: अग्निशमन बंब, ट्रॅक्टर, जीप. माझी लँड रोव्हर तळहातावर घेतली की दाराच्या रेषा नखाला जाणवतात.

मुलांना पळवायला हवी असेल तर हॉट व्हील्सच घ्या. काचेच्या कपाटासाठी मात्र माझा हात आधी मॅचबॉक्सकडे जातो.