कुलाबा ते बोरीबंदर, युद्धस्मारकांचा पायी वॉक: पैसे वसूल झाले का?

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन. त्यातले तीन मुंबईच्या दगडांचे आणि अर्धा गाईडचा. गाईडवर राग नाही हं, पोरगा गुणी होता, राग आहे तो बुकिंग घेणाऱ्यांवर, कारण "जास्तीत जास्त पंधरा जण" असं लिहून प्रत्यक्षात आम्ही अठ्ठावीस डोकी निघालो आणि कानात घालायचे हेडसेट मोजून वीस. कंपनीचं नाव घेत नाही, असे वॉक हल्ली बरेच जण काढतात आणि रूट थोड्याफार फरकाने हाच असतो, त्यामुळे मी जे लिहितेय ते कुणाहीबरोबर गेलात किंवा एकटे गेलात तरी उपयोगी पडेल.

सोबत बाबा होते. बत्तीस वर्षं गोदीत नोकरी, आता रिटायर, घरात बसून रिमोटशी भांडतात म्हणून म्हटलं चला. माणशी आठशे रुपये ऐकून म्हणाले, "अगं मुंबईत चालायला पैसे कसले?" हे वाक्य त्यांनी दिवसभरात सहा वेळा म्हटलं, मी मोजलंय.

सकाळी सातला अफगाण चर्चला जमायचं होतं. सीएसएमटीवरून आर. सी. चर्चकडे जाणारी बस पकडा, शनिवारी सकाळी रिकामी असते. आता अफगाण चर्च हे नाव ऐकून मला लहानपणापासून वाटायचं की तिथे अफगाणी लोक येत असतील, तर तसं काही नाही, १८३८ ते १८४३ मध्ये सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांमध्ये जे मेले त्यांचं ते स्मारक, चर्च १८५८ ला सुरू झालं आणि मनोरा नंतर पूर्ण झाला, साठ मीटर उंच, पूर्वी जहाजांना लांबून दिसायचा. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, मग रंगीत काचा दिसतात, खालच्या फरशा दिसतात, आणि लाकडी बाकांना खाचा दिसतात त्या शिपायांनी प्रार्थनेला बसताना बंदुका टेकवायला. ह्या खाचा मी बोट घालून बघितल्या, तुम्हीपण बघालच.

पण खरी गोष्ट भिंतीवर आहे. तिथे अधिकाऱ्यांची नावं कोरलीयत, आणि खाली शिलालेखात लिहिलंय की साध्या शिपायांची नावं दिलेली नाहीत कारण ते इतके जास्त होते की लिहिणं शक्य नव्हतं. गाईडने हे पटकन वाचून पुढे न्यायला सुरुवात केली, पण बाबा थांबले. म्हणाले, "म्हणजे जागा पुरली नाही होय? आणि एवढा मनोरा बांधायला जागा होती!" हेडसेट नसलेले आम्ही आठ जण जोरात हसलो आणि हेडसेटवाल्यांना कळलंच नाही का ते.

गाईडने मग इंग्रजी फौजेच्या काबूलहून माघारीची गोष्ट सांगितली, ती चांगली सांगितली. जानेवारी १८४२, बर्फ, साडेचार हजारांच्या आसपास सैनिक आणि त्यांच्या मागे बारा हजारांवर नोकरचाकर, बायकापोरं. शेवटी जलालाबादला पोचला तो एकटा डॉ. ब्रायडन, घोड्यावर, असं सगळीकडे सांगतात. एकटा म्हणजे गोऱ्यांमधला एकटा हं, काही हिंदी शिपाई नंतर पाय ओढत आले होते, त्यांचं चित्र ब्रायडनसारखं कोणी काढलं नाही. सैनिकांमध्ये गोरे जेमतेम सातशे, बाकी सगळे इकडचेच. हा वॉक मला इथेच लागला म्हणायचा, कारण त्यानंतर प्रत्येक स्मारकाला मी एकच बघत होते, नाव कुणाचं आहे आणि कुणाचं नाही.

कुलाबा कॉजवेचा पट्टा लांब आहे आणि त्यात स्मारक असं फारसं काही नाही. ससून डॉकजवळ वास येतो, नाक धरायचं नाही, कोळणी बघतात आणि मग बोलतात. वाटेत आत वळून १९४६ च्या नाविकांच्या बंडाचं स्मारक दाखवतात, जहाजाचं चाक आणि खलाशाचा पुतळा. १८ फेब्रुवारीला इथेच कुलाब्यात 'तलवार' ह्या केंद्रावर खराब जेवणावरून ठिणगी पडली आणि बघता बघता हजारो नाविक संपावर गेले, गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्याला रस्त्यावर उतरले, परळला गोळीबारात कमल दोंदे गेल्या. गाईडने कमल दोंदेंचं नाव घेतलं ह्याचे त्याला पूर्ण मार्क. थांबलो मात्र इथे जेमतेम चार मिनिटं, आणि पुढे रीगल सिनेमाजवळ फोटोसाठी वीस. हे उलटं करा ना राव.

रीगलच्या चौकात ते वेलिंग्टन फाउंटन, १८६५ चं. मी कॉलेजात असताना रोज ह्याच्या बाजूने बस पकडायचे आणि वाटायचं कुठल्यातरी गव्हर्नरचं असेल. ते ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या १८०१ आणि १८०४ च्या मुंबईभेटींची आठवण म्हणून बांधलंय. गाईड म्हणाला, नेपोलियनला वॉटर्लूला हरवणारा. आमच्यात जालन्याची एक मुलगी होती, ती म्हणाली, "दादा, त्याच्या आधी तो आमच्याकडे आला होता." आणि खरंच की, २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई, शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेविरुद्ध. असई जालना जिल्ह्यात. म्हणजे आपल्याला हरवलं त्याचं कारंजं आपण दीडशे वर्षं जपतोय, २०१७ ला दुरुस्तसुद्धा केलं. मला राग नाही आला, दगडावरची चित्रं सुंदर आहेत, पण ही ओळ गाईडच्या कागदावर पाहिजे होती, जालन्याच्या मुलीवर सोडायची नाही.

गेटवेबद्दल सगळ्यांना सगळं माहितीय म्हणून थोडक्यात. गाईड म्हणाला की राजा पंचम जॉर्ज ह्या कमानीखालून आत आला, त्यावर एक रिटायर्ड शिक्षक काका लगेच, "नाही नाही, १९११ ला कमान होती कुठे, पुठ्ठ्याची होती, ही १९२४ ला उघडली." बरोबर काकाच होते. मजा ही की ज्या राजाच्या स्वागताला बांधली त्याला ती मिळालीच नाही आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्री, इथूनच परत गेली. समोर शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा १९६१ पासून उभा आहे. इथे पाणी विकत घ्या, पुढे तासभर नाही. आणि टॉयलेट. ह्या अख्ख्या वॉकमध्ये टॉयलेटचा थांबा प्लॅनमध्येच नव्हता, अठ्ठावीस जणांत निम्म्याच्या वर बायका, तीन साठीच्या पुढच्या, हे कोणाच्या लक्षात आलं नाही? शेवटी आम्ही आपापलं कॅफेत कॉफी घेऊन जमवलं.

काळा घोडा, राजाबाई टॉवर, हायकोर्ट ह्या भागात ऊन चढलेलं, पाय बोलायला लागलेले, त्यामुळे मला फारसं आठवत नाही, सॉरी.

हुतात्मा चौकात मात्र सगळे जागे झाले. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, मुळात राणीच्या बागेसाठी ठरलेलं, ते राहिलं बाजूला. बाजूचा शेतकरी आणि कामगार, हातात मशाल. आता वाद सुरू. एक काका म्हणाले संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे १०५ हुतात्मे, बाबा म्हणाले १०६, गाईड म्हणाला १०७. तिघंही तावातावाने. भाषणांत आणि पुस्तकांत हे तिन्ही आकडे येतात, म्हणून कोणीच माघार घेईना. २१ नोव्हेंबर १९५५ ला ह्याच चौकात गोळ्या झाडल्या गेल्या, मग १९५६ च्या जानेवारीत शहरभर. बाबांचे मोठे काका तेव्हा गिरणीत होते, ते त्या दिवशी घरी उशिरा आले एवढीच आमच्या घरातली गोष्ट आहे, पण बाबा ती अशी सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं ते स्वतः तिथे होते. इथे नावं आहेत. कुणी मोठा माणूस नाही, साधीच आडनावं, आपल्या चाळीतली वाटतील अशी. अफगाण चर्चच्या भिंतीनंतर हे वाचलं ना, की काहीतरी होतं. इथे आम्ही अर्धा तास होतो आणि कोणीही घाई केली नाही, ह्यासाठी अर्धा स्टार गाईडला.

सेंट थॉमस चर्च, १७१८ चं, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव आलं, ते आतून बघाच, भिंतभर संगमरवरी पाट्या, लढायांत गेलेल्या आणि तापाने गेलेल्या साहेबांच्या. मला तापाने गेलेले जास्त वाटले.

मग बॅलार्ड इस्टेट. सुट्टीच्या दिवशी इथे एकदम सामसूम, झाडं, गोदी खणताना निघालेल्या भरावावर उभ्या राहिलेल्या एकसारख्या उंचीच्या इमारती, विलायतेत आल्यासारखं. तिथे रस्त्यात एक दगडी खांब आहे, वर कंदिलासारखं. पहिल्या महायुद्धात गेलेल्या पोर्ट ट्रस्टच्या माणसांचं स्मारक. बाबा ह्याच्या बाजूने बत्तीस वर्षं गेलेत, सकाळ संध्याकाळ. म्हणाले, "आम्ही ह्याला वळसा घालून चहाला जायचो." मग चष्मा बदलला आणि अक्षरं वाचत बसले, ग्रुप पुढे गेला तरी. मी काही बोलले नाही.

आमच्या आजीच्या गावाला शाळेच्या भिंतीत एक पाटी आहे, ह्या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके मेले. नुसते आकडे. कोकणात, साताऱ्याकडे अशा पाट्या अजून सापडतात. ते मी बाबांना म्हटलं तर म्हणाले, "गावात नाव लिहायची काय गरज, सगळ्यांना माहिती होतं कोण गेलं ते." हे मला पटलं नाही पण उत्तरही सुचलं नाही.

सर्वात मोठी तक्रार आता. वॉक सीएसएमटीला संपवतात. तिथून मशीद बंदर दहा-पंधरा मिनिटं, तिथल्या सेलर्स होमशी, म्हणजे खलाशांच्या वसतिगृहाशी, हिंदी खलाशांची दोन्ही महायुद्धांची स्मारकं जोडलेली आहेत. पहिल्या युद्धाची दोन हजारांवर नावं, दुसऱ्याची सहा हजारांवर, आणि ही दुसऱ्या युद्धाची नावं वहीत आहेत, त्याच वहीची जोड प्रत चितगावला. जहाजाच्या पोटात कोळसा टाकणारी ही माणसं, त्यात आपल्या रत्नागिरीकडची किती असतील. गाईडने हे सीएसएमटीच्या पायरीवर उभं राहून दोन वाक्यांत सांगितलं आणि "थँक्यू, रिव्ह्यू टाका" म्हणाला. अरे, मग ने ना तिथे! फोटोचे वीस मिनिटं कापले असते तर आरामात बसलं असतं. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट आणि त्यात गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान, त्याचाही उल्लेख नाही, आणि आम्ही गोदीच्या भिंतीला खेटून चाललो होतो.

तर जावं का? जा, पण डिसेंबर-जानेवारीत, जुने बूट घालून, आठ किलोमीटर धरून चला, गुडघे दुखत असतील तर रीगलपासून सुरू करा. आधी फोन करून विचारा, किती माणसं आणि किती हेडसेट. आई-वडलांना नेताय तर पाठीवरची फोल्डिंग खुर्ची न्या, मी हसले होते ती नेणाऱ्या एका काकूंना, हुतात्मा चौकात मीच त्यांना पाच मिनिटं मागितली.

सीएसएमटीसमोर वडापाव खाल्ला, बाबांनी दोन. ट्रेनमध्ये खिडकी मिळाली तर म्हणाले, पुढच्या शनिवारी मशीद बंदरला जाऊन येऊ, तिथे चालायला पैसे लागत नाहीत.