जुन्या एसयूव्हीचे एअर सस्पेन्शन: दुरुस्त करावे की कॉइल स्प्रिंग बसवाव्यात?

एअर सस्पेन्शन, म्हणजे पोलादी कॉइल स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगांवर तोललेली गाडी; अशी एसयूव्ही जुनी झाली की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड हे चाकांच्या जोडणीचे भाग दोन्ही प्रकारांत झिजतात, त्यामुळे त्यांचा खर्च या तुलनेत धरलेला नाही.

प्रवासाच्या सुखाचा विचार केला तर एअर सस्पेन्शन सरस आहे, हे मान्य करावेच लागेल. मागे पूर्ण सामान भरले तरी गाडी समतल राहते, हेडलाइटचा झोत वर जात नाही आणि खराब रस्त्यावर गाडीची उंची वाढवता येते. कॉइल स्प्रिंग बसवल्या की या सोयी जातात. शिवाय एअर सस्पेन्शन चालवणाऱ्या मूळ इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटची नीट व्यवस्था केली नाही, तर डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा कायम जळत राहतो.

माझा कौल मात्र रोज सकाळच्या त्रासाने कॉइल स्प्रिंगच्या बाजूने ठरला. रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली असे आणि ती वर येईपर्यंत कॉम्प्रेसर घरघरत राही. रबरी एअर बॅगला घडीपाशी बारीक चिरा पडतात. साबणाचे पाणी मारले की तिथे बुडबुडे दिसतात, पण गळती व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये (बॅगांना हवा वाटून देणाऱ्या भागात) असेल तर शोध लांबतो आणि मजुरी वाढते. गेलेली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चालतो, त्याच्या ड्रायरची ओलावा शोषण्याची क्षमता संपते आणि अखेर तोही निकामी होतो. म्हणजे एका बॅगचे काम लांबवले की बिल दोन महागड्या भागांचे येते. माझ्या गाडीची एक बॅग बदलली आणि काही काळाने, तेवढीच जुनी असलेली दुसऱ्या बाजूची बॅगही गळू लागली.

कॉइल स्प्रिंगचा खर्च एकदम येत असल्याने जड वाटतो, कारण अनेक गाड्यांत त्यांच्याबरोबर शॉकअ‍ॅब्सॉर्बरही बदलावे लागतात आणि नंतर व्हील अलाइनमेंट करावे लागते. तरी तो आकडा कामाआधीच कळतो. लहान खड्ड्यांवर गाडी थोडी कडक वाटते, हे खरे. मला ते सहज अंगवळणी पडले.

जड ट्रेलर नेहमी ओढणाऱ्यांनी बहुधा एअर सस्पेन्शनच ठेवावे, मात्र बॅगा जोडीने बदलाव्यात. इतरांनी, विशेषतः कॉम्प्रेसर थकला असेल तर, आधी कॉइल स्प्रिंगचे अंदाजपत्रक मागवावे आणि हा बदल विमा कंपनीला कळवावा.