भाजल्यावर कोलॅजन शीट की पॅराफिन गॉज?
लालबागच्या मावशीचा हात कुकरच्या वाफेने भाजला, डॉक्टरांनी दोन्ही पर्याय सांगितले आणि मावसभाऊ रात्री अकराला फोन करून विचारतोय कुठलं घेऊ. गॉज म्हणजे व्हॅसलिनसारखं मऊ पॅराफिन लावलेली जाळीदार पट्टी, ती स्वस्त, पण सारखं बदलावं लागतं आणि सुकून चिकटलं की सोलताना जीव जातो. शीट म्हणजे कोलॅजन या प्रथिनाचा पातळ पापुद्रा, तो महाग, पण स्वच्छ जखमेवर नीट बसली की खाली कातडी येईपर्यंत तशीच राहते, मग कडा कागदासारख्या सुटतात, त्या कात्रीने कापायच्या, ओढायच्या नाहीत हां. कोलॅजन बहुतेकदा गाईगुरांचं किंवा माशाचं असतं, घरात चालणार नसेल तर आधीच विचारा. खाली पू साठला तर मात्र ती काढावीच लागते. म्हणजे ताजी, वरवरची, स्वच्छ जखम असेल तर शीट, इन्फेक्शनचा संशय असेल तर रोज उघडून बघता येतं ते गॉजच. खोल भाजलंय? मग सर्जनशी ग्राफ्टचं, म्हणजे दुसरीकडची कातडी काढून लावण्याचं, बोला.